नऊ हजार काढले, तितकेच आणले?

जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ९,००० लोकांना नारळ दिला आणि तेव्हापासून एक मजकूर फिरायला लागला. अमेरिकेत तो इंग्रजीत फिरला, मग मराठीत उतरून आमच्या घरच्या ग्रुपवर आला. पाठवणारे सांगलीचे काका. खाली एकच ओळ: "तू तिकडे आहेस, हे खरं का रे?"

मजकूर थोडक्यात असा. कंपन्या अमेरिकी नागरिकांना काढतात आणि त्याच वर्षी एच-१बीचे, म्हणजे परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसाचे, हजारो अर्ज भरतात, म्हणजे एकाला उठवून त्या खुर्चीत दुसरा बसवतात. परदेशी स्वस्तात मिळतो म्हणून हे चालतं. खरं तर कायद्याने आधी व्हिसावाल्यांना काढायला हवं, पण ते मात्र सुरक्षित. कर तर ते भरतच नाहीत. व्हिसा बंद करा, नोकऱ्या परत येतील.

काकांना मी फोनवर "अर्धं खोटं आहे" म्हणालो. त्यातलं कुठलं अर्धं, हे सांगायला फोन पुरला नाही.

आधी आकडा. ते ९,००० जगभरचे होते, सगळे अमेरिकेतले नव्हते. कंपनीच्या सुमारे २ लाख २८ हजार माणसांपैकी चार टक्क्यांहून कमी. आणि ते 'हजारो अर्ज' म्हणजे बहुतेक वेळा कामगार खात्याच्या संकेतस्थळावरून उचललेले एलसीएचे आकडे असतात. एलसीए म्हणजे व्हिसा नव्हे. अमुक कामाला अमुक शहरात अमुक पगार देऊ, असं कंपनीने लिहून दिलेलं ते हमीपत्र. भरायला फी लागत नाही. नवा माणूस घेतला की एलसीए, दर तीन वर्षांनी मुदत वाढवली की एलसीए, माणूस कंपनी बदलून आला की एलसीए, दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात गेला तरी एलसीए. अकरा वर्षांत माझ्या एकट्याच्या नावावर असे सहा जमले आहेत. त्या हिशेबाने मी सहा अमेरिकनांच्या नोकऱ्या गिळून बसलोय.

त्याआधीच्या बारा महिन्यांत भरलेल्या अर्जांपैकी ७८ टक्के आधीच नोकरीत असलेल्यांच्या मुदतवाढीचे होते, असं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितलं. कंपनी स्वतःबद्दल चांगलंच सांगणार, हे मान्य. पण सरकारी आकडेही त्याच बाजूचे आहेत. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या सुमारे चार लाख एच-१बी अर्जांपैकी जवळपास दोन तृतीयांश जुन्याच लोकांचे होते. नव्यांसाठी वर्षाची मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वर २०,०००. ही मर्यादा सगळ्या खासगी कंपन्यांना मिळून आहे.

तरीही हा हिशेब नुसत्या फॉरवर्डपुरता राहिला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले, त्या आदेशातही हीच मांडणी आहे: अमक्या कंपनीला इतके एच-१बी मंजूर झाले, आणि तिने इतके लोक काढले.

आता 'स्वस्त'. इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपली मंडळी इथे फार लवकर चिडतात.

कायदा सांगतो की त्याच कंपनीत तेच काम करणाऱ्यांना जो पगार मिळतो तो, किंवा त्या भागातला प्रचलित पगार, यांपैकी जो जास्त असेल तो द्या. ऐकायला चोख. पण प्रचलित पगाराच्या चार पातळ्या आहेत. त्या कामातल्या शंभर जणांना पगाराच्या चढत्या क्रमाने रांगेत उभं करा. पहिली पातळी सतराव्या माणसापाशी येते, दुसरी चौतिसाव्या, तिसरी पन्नासाव्या आणि चौथी सदुसष्टाव्यापाशी. म्हणजे दहा वर्षं अनुभवाच्या माणसाचं काम कागदावर दुसऱ्या पातळीचं दाखवलं, की तो मधल्या पगाराच्या बराच खाली कायदेशीरपणे बसतो. कन्सल्टन्सी कंपन्यांनी हे वर्षानुवर्षं केलं. ज्यांनी प्रोजेक्टविना बेंचवर बसून पगाराची वाट पाहिली आहे, त्यांना बॉडी शॉपिंग, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना माणसं भाड्याने पुरवण्याचा धंदा, समजवायला नको.

मग ऑरलँडोच्या डिस्नेत २०१४-१५ मध्ये काय घडलं ते आठवा. आयटीतल्या सुमारे अडीचशे जणांना नोटिसा मिळाल्या आणि जाण्याआधी त्यांनी आपलं काम नव्यांना शिकवायचं होतं. ती माणसं आउटसोर्सिंग कंपन्यांमार्फत आली होती, काही एच-१बीवर. त्याच सुमारास सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतही तसंच झालं. तिथे इन्फोसिस आणि टीसीएस होत्या. नागरिकाला काढून त्याच्या जागी माणूस आणू नका, असा नियम आहे, पण तो मुख्यतः एच-१बीवर फार अवलंबून असलेल्या कंपन्यांना लागू. त्यांनाही पळवाट ठेवलेली: माणसाला वर्षाला ६०,००० डॉलर द्या, की नियम गैरलागू. हा आकडा १९९८ चा आहे, अजून तोच. त्यामुळे ज्या अमेरिकनाने आपलं काम शिकवून घरचा रस्ता धरला, त्याला "तुला व्हिसा कळत नाही" असं मी तरी सांगणार नाही. "त्यांना गणित येत नाही म्हणून आपल्याला बोलावतात" हा आपल्या ग्रुपांवरचा ठेवणीतला विनोद तर त्याहून वाईट.

पण मजकूर ज्या मोठ्या कंपन्यांची नावं घेतो, तिथे एका ग्रेडच्या दोघांना एकाच पट्ट्यातला पगार आणि शेअर मिळतात. व्हिसावाल्याच्या मागे वकील आणि फीचा खर्च वेगळा. तिथे आम्ही स्वस्त नसतो, बांधलेले असतो. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दशकाहून लांब आहे, कारण कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त येत नाही. रांगेत नंबर लागेपर्यंत माणूस सहसा बॉसला नाही म्हणत नाही. रविवारी रात्री अकराला फोन आला तर उचलतो. कंपनीला यातून जे मिळतं ते पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, आणि त्याचा तोटा शेजारच्या डेस्कवरच्या नागरिकालाही होतो, कारण अकराला फोन न उचलणारा तो एकटाच उरतो. मजकुरात नेमकं हेच नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 'व्हिसावाल्यांना आधी काढा' असा नियम कुठेच नाही. नियम आहे तो १९८६ चा: नागरिकत्वावरून घेताना किंवा काढताना भेदभाव नको. नागरिकाला नागरिक म्हणून डावललं तर तो कायद्याचा भंग धरला जातो, आणि त्याची किंमत चुकवावी लागली आहे. फेसबुकने २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंत आणि ॲपलने २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंत भरायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. व्हिसावाल्याच्या ग्रीन कार्डसाठी आधी ती जागा जाहीर करून इथला माणूस मिळतो का ते बघावं लागतं; ती जाहिरात या कंपन्यांनी नेहमीच्या करिअर पानावर न टाकता, अर्ज कागदी टपालाने मागवले, असा सरकारचा आरोप होता. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे उदाहरण सापडलं असतं तर त्यांचा मुद्दा जास्त धारदार झाला असता.

उलट बाजूचा नियम मात्र कुणी सांगत नाही. कंपनीने त्याच भागात, त्याच कामातली माणसं सहा महिन्यांत काढली असतील, तर ग्रीन कार्डचा अर्ज भरण्याआधी त्या काढलेल्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. म्हणून २०२३ मध्ये गूगल आणि ॲमेझॉनने ही प्रक्रियाच थांबवली. ले-ऑफ नागरिकांचा झाला तरी रांगेतला भारतीय तिथेच अडकतो.

'व्हिसावाले सुरक्षित' हे वाचून मात्र मी हसलो, फार बरं वाटून नव्हे. २०२३ च्या सुरुवातीला मी ज्या कंपनीत होतो ती मध्यम आकाराची, नाव सांगून कुणाला कळणार नाही अशी. सकाळी साडेआठला लॅपटॉपने पासवर्ड घेतला नाही. दहापर्यंत कळलं की टीममधले सहा जण गेले: चार नागरिक, एक ग्रीन कार्डवाली, एक मी. नोकरी सुटली की एच-१बीवाल्याला साठ दिवस मिळतात. २०१७ पूर्वी तेवढेही नव्हते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायकोने पेन्सिलीने चौकटी मोजल्या. साठावी पाडव्याच्या दोन दिवस आधी येत होती. नोकरी मिळून भागत नाही, नव्या कंपनीचा अर्ज साठ दिवसांत इमिग्रेशन खात्यात पोचावा लागतो, आणि त्याआधी लागणाऱ्या एलसीएलाच कामाचे सात दिवस जातात. म्हणजे हातात खरे दिवस जेमतेम पन्नास. घराचं लीज, गाडीचा हप्ता, मुलीची शाळा, सगळं त्या चौकटींत. त्रेपन्नाव्या दिवशी पावती आली. आधीपेक्षा कमी पगारावर सही केली होती. घासाघीस करायला सवडच नव्हती.

त्याच दिवशी गेलेल्यांत माझ्या शेजारच्या डेस्कवरचा, पन्नाशीतला, चौदा वर्षं तिथे काढलेला ओहायोचा माणूस होता. त्याला देश सोडायचा नव्हता, पण घरच्यांचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपत होता आणि तो चालू ठेवायचा तर सगळा हप्ता खिशातून. पार्किंगमध्ये खोकं गाडीत ठेवताना त्याने विचारलं, "तुझं आता काय?" मी साठ दिवसांचं सांगितलं. त्याला हे माहीत नव्हतं. चौदा वर्षांत आजूबाजूला निम्मे व्हिसावाले असूनही माहीत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणी कधी सांगितलंही नव्हतं.

कराचं थोडक्यात. एच-१बीवाला आयकर भरतोच, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही, आणि दहा वर्षांच्या आत परतला तर सोशल सिक्युरिटीची पेन्शन सहसा मिळत नाही, कारण भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या कंपन्यांना मात्र ७.६५ टक्क्यांची ही सूट सहसा मिळते. गोंधळ तिथून आला असावा.

राहिलं 'व्हिसा बंद करा, नोकऱ्या परत येतील'. आधी त्या का गेल्या ते बघा. कोविडमध्ये कंपन्यांनी वारेमाप भरती केली. मेटाच्या ११,००० जणांना काढताना झुकरबर्गने स्वतः ते कबूल केलं. मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ शून्य असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर गेला. आता पैसा डेटा सेंटरकडे वळलाय. यातल्या कशाचाही पासपोर्टशी संबंध नाही.

आणि व्हिसा आवळला की काम कुठे जातं, हे आपल्याला खिडकीतून दिसतं. २००४ मध्ये एच-१बीची मर्यादा १,९५,००० वरून ६५,००० वर आली. त्यानंतर अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली भरती परदेशातल्या शाखांत, मुख्यतः भारत, चीन आणि कॅनडात वाढवली, असं व्हार्टनच्या ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात दिसलं. २०२४ मध्ये भारतात १,७०० हून जास्त जीसीसी, म्हणजे परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची केंद्रं, होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक. हिंजवडीच्या पुलावर संध्याकाळी अडकणाऱ्यांत यातलेही पुष्कळ असतात. एच-१बीवरचा माणूस निदान न्यू जर्सीत भाडं भरतो, तिथल्या दुकानात दूध घेतो.

ओहायोचा मित्र अजून संपर्कात आहे. हाच मजकूर त्यानेही शेअर केला होता, आणि मी त्याला यातलं बरंचसं लिहून पाठवलं. तो म्हणाला, "तुझं पटतं, पण माझी जागा गेली ती गेलीच." आमच्या जुन्या कंपनीने त्याची जागा आठ महिन्यांनी पुन्हा काढली होती. तेच पद, तेच वर्णन, एक शब्द बदललेला नाही. जाहिरात मी लिंक्डइनवर पाहिली होती. ठिकाण: खराडी, पुणे. तेवढी मात्र मी त्याला पाठवलेली नाही.