सभासदसंख्या म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

युनियन आणि मालक संघटना यांच्या प्रतिनिधित्वाबद्दल मी जे लिहिले, त्यावर आपण मुद्देसूद प्रतिक्रिया दिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. दहांपैकी एखादाच कामगार सभासद असेल, तर उरलेल्या नऊ जणांच्या वतीने मालकांशी होणाऱ्या पगाराच्या सामूहिक करारावर सही करण्याचा युनियनला काय अधिकार, असे आपण विचारता, आणि करार फक्त सभासदांनाच लागू करावा असा उपायही सुचवता. मालक संघटनांना मी फार सहज सोडून दिले, हा आपला दुसरा आक्षेप.

वर्गणीची पावती म्हणजे संमती, हे आपल्या पहिल्या प्रश्नामागचे गृहीतक मला मान्य नाही. करारातली पगारवाढ सभासद नसलेल्यालाही मिळत असल्याने वर्गणी न भरता लाभ घेणारे सर्वत्र असतात. तेवढ्यावरून त्यांचा युनियनला विरोध आहे, असे ठरत नाही. उलट बाजूही पाहा. स्वीडनमध्ये बहुसंख्य कामगार सभासद आहेत, पण त्याचे एक कारण बेकारी विम्याचे निधी युनियनांशी जोडलेले आहेत हे आहे. २००७ मध्ये सरकारी धोरणामुळे त्या निधींची वर्गणी वाढताच युनियनांचे सभासदही मोठ्या संख्येने गळाले. म्हणजे सभासदसंख्येतून निष्ठा जितकी मोजली जाते, तितकीच सोयही.

फ्रान्समध्ये सभासद जेमतेम दहा टक्के असले, तरी नव्वद टक्क्यांहून अधिक कामगार सामूहिक करारांच्या कक्षेत येतात, कारण उद्योगनिहाय करार सरकार संपूर्ण उद्योगाला लागू करते. आपला प्रश्न तिथे फार तीव्रतेने विचारला गेला आणि २००८ च्या कायद्याने त्याला उत्तर दिले ते असे, की युनियनची मान्यता मतांवर ठरावी. कंपनीतील कर्मचारी प्रतिनिधींच्या निवडणुकीत, पहिल्या फेरीत किमान १० टक्के मते मिळवणारी युनियनच तिथे वाटाघाटीला बसू शकते, आणि मतदानाचा हक्क सभासद नसलेल्यालाही असतो. पावतीपेक्षा ही कसोटी मला अधिक प्रामाणिक वाटते. मात्र तीही सगळीकडे टिकत नाही. अकरापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी तिथे वेगळे मतदान होते, आणि २०२१ मध्ये त्यात मतदान झाले सुमारे ५ टक्के. जिथे मालक आणि कामगार एकाच टेबलावर काम करतात, तिथे युनियन पोहोचतच नाही. इथे आपला संशय रास्त आहे, आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीतही तो बराचसा खरा ठरतो.

मालक संघटनांबद्दलचा आपला आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांचे प्रतिनिधित्व मोजायचे कसे हेच मुळात वादग्रस्त आहे. प्रत्येक कंपनीला एक मत द्यावे, तर छोट्या कंपन्यांचे पारडे जड होते. कंपनीतल्या कामगारांच्या संख्येनुसार वजन द्यावे, तर मूठभर बड्या कंपन्याच संपूर्ण उद्योगाचा आवाज ठरतात. फ्रान्सने मालक संघटनांमध्ये निधी आणि पदांचे वाटप करण्यासाठी कंपन्यांच्या संख्येला ३० टक्के आणि कामगारसंख्येला ७० टक्के वजन दिले. ही तडजोड उघडच मोठ्यांच्या बाजूला झुकलेली आहे. जर्मनीत तर १९९० च्या दशकापासून अनेक मालक संघटनांनी ‘करारबंधनाविना सभासदत्व’ देऊ केले: कायदेशीर सल्ला मिळतो, सरकारदरबारी वजन मिळते, वेतनकरार मात्र पाळावा लागत नाही. सभासदांची यादी त्यामुळे लांबलचक दिसते. पण वाटाघाटीच्या टेबलावर त्या संघटनेचा शब्द त्यांतल्या किती जणांना बांधतो, हे यादीवरून कळत नाही. युनियनकडे सभासदांचा हिशेब मागणारे हा हिशेब क्वचितच मागतात.

आता आपल्या उपायाविषयी. करार फक्त सभासदांनाच लागू झाला, तर सभासद नसलेला कामगार स्वस्त पडेल, आणि भरती करताना मालक कोणाला पसंती देईल हे सांगायला नको. हा उपाय सगळ्या मालकांनाही परवडणारा नाही: करार पाळणाऱ्या कंपनीला शेजारच्या, कमी पगारावर माल काढणाऱ्या कंपनीशी स्पर्धा करावी लागेल. म्हणूनच करार संपूर्ण उद्योगाला लागू करा, ही मागणी अनेकदा मालक संघटनाच करतात.