‘लिनक्स बिघडले की फॉरमॅट’ : सीमाभागात फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील शिक्षकांच्या, वाचनालयाच्या कार्यकर्त्यांच्या आणि डीटीपी करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश वारंवार येतो. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही त्यांचे काय करायचे, हा प्रश्न अनेक शाळांपुढे उभा राहिला. त्यावर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या मोफत व्यवस्थेचा, पर्याय सुचवला गेला की हा संदेश उत्तरादाखल पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : लिनक्स एकदा बिघडले की दुरुस्त होत नाही, फॉरमॅट मारावे, म्हणजे डिस्क पुसून सगळे नव्याने घालावे लागते आणि सगळी माहिती जाते, लाईट वारंवार जाणाऱ्या आपल्या भागात ते टिकत नाही, विंडोजच्या शेजारी ठेवले तर दोन्हींचा घोळ होतो, वाय-फाय आणि प्रिंटर चालत नाहीत, मराठी आणि कन्नड नीट लिहिता येत नाही, आणि अडचण आलीच तर विचारायला कोणी नसते.

मी गेली काही वर्षे शाळांमधले आणि वाचनालयांमधले जुने संगणक फावल्या वेळात सांभाळतो. लिनक्स बिघडत नाही, असे मी म्हणणार नाही. ते बिघडते, आणि कधी कधी भलत्या वेळी बिघडते. मात्र काय बिघडले हे ते बहुधा लिहून ठेवते, आणि ती नोंद न वाचताच फॉरमॅट मारण्याची सवय आपल्याकडे लागली आहे. या सवयीने झालेले नुकसान मी पाहिले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले विधान फॉरमॅटचे. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मला मुख्याध्यापकांनी बोलावले होते. संगणक सुरू होत होता, पासवर्डही स्वीकारत होता; पण पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा पासवर्डच्याच पानावर येत होता. एका तंत्रज्ञाने फॉरमॅटचा सल्ला दिलेला होता आणि मुख्याध्यापक हवालदिल झाले होते. “सर, एसएसएलसीच्या मुलांची सगळी कागदपत्रं त्यातच आहेत हो,” असे ते दहावीच्या मुलांबद्दल पुन्हा पुन्हा सांगत होते. मी कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ या तीन कळा एकत्र दाबून अक्षरी पडदा उघडला, तिथून प्रवेश केला आणि डिस्कवर किती जागा उरली आहे हे सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा दिली. डिस्कचा मुख्य विभाग शंभर टक्के भरलेला होता. प्रवेश करताना चित्रमय पडद्याला वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एक-दोन छोट्या फाइली लिहाव्या लागतात. त्यांना जागा मिळाली नाही की तो मागे फिरतो. पासवर्ड बरोबर असूनही आत न जाता येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

अशा वेळी आत शिरता येते, यालाही कारण आहे. ईएक्सटी ४ ही लिनक्सची फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची रचना, तयार होताना साधारणतः पाच टक्के जागा ‘रूट’साठी, म्हणजे व्यवस्थापकासाठी, राखून ठेवते. सामान्य वापरकर्त्याला डिस्क भरलेली दिसत असली, तरी व्यवस्थेला हात हलवण्यापुरती जागा शिल्लक असते. मग ‘डीयू’ या आज्ञेने कोणता फोल्डर किती जागा खातो ते पाहायचे, उतरवून ठेवलेली पॅकेजे (प्रोग्रॅमचे गठ्ठे) ‘एपीटी क्लीन’ने काढायची, साचलेली जुनी कर्नेले (व्यवस्थेचे गाभे) ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने हटवायची आणि ‘जर्नलसीटीएल’ला नोंदवह्या ठरावीक आकारापर्यंत छाटायला सांगायचे. त्या शाळेत मुख्य दोषी स्कॅन करून तशाच पडून राहिलेल्या प्रतिमा होत्या. त्या बाहेरच्या डिस्कवर हलवल्या आणि संगणक पूर्ववत झाला. एकही दाखला गेला नाही. फॉरमॅट मारले असते, तर मुलांच्या कागदपत्रांची मूळ प्रत तिथेच संपली असती.

जागा रिकामी दिसत असूनही ‘जागा नाही’ असा संदेश आला, तर ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय जोडून पाहावे. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो आणि त्यांची संख्या ईएक्सटी ४ मध्ये सुरुवातीलाच ठरते. लाखो बारीक फाइली साठल्या की जागा असूनही आयनोड संपतात. आणि समजा, व्यवस्था खरोखरच नव्याने घालावी लागली, तरी आपली कागदपत्रे ‘होम’ या फोल्डरात असतात. ते वेगळ्या विभागावर ठेवलेले असेल, तर मूळ व्यवस्था बदलताना त्या विभागाला हात लावावा लागत नाही. नसेल, तरी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे ज्यातून लिनक्स थेट चालते अशा पेनड्राइव्हवरून, संगणक सुरू करून आधी सगळे बाहेर उतरवून घेता येते. हा अर्ध्या तासाचा वेळ वाचवायचा म्हणून कोणाची वर्षांची कागदपत्रे पुसणे मला क्षम्य वाटत नाही.

दुसरे विधान लाईटचे, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे तिथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. पण अचानक बंद पडणे कोणत्याही संगणकाला घातकच असते, आणि नेमके त्यासाठीच ईएक्सटी ४ मध्ये जर्नलची सोय आहे : फाइल सिस्टमच्या रचनेत होणारा बदल आधी एका नोंदीत लिहिला जातो आणि मग प्रत्यक्ष जागी उतरतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी ती नोंद वाचून रचना सुसंगत करता येते. बहुतेक वेळा हे आपल्या नकळत होऊन जाते. क्वचित तेवढ्याने भागत नाही आणि काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ (सुरुवातीच्या तात्पुरत्या व्यवस्थेचे नाव) असे लिहून संगणक थांबतो. हा शेवट नव्हे. त्याच्या वरच्या ओळींत कोणत्या विभागाची तपासणी हाताने करायला हवी ते लिहिलेले असते. त्या विभागाचे नाव देऊन ‘एफएससीके’ ही तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवायची आणि पुन्हा सुरू करायचे. चालू स्थितीत जोडलेल्या विभागावर मात्र ही आज्ञा कधीही चालवू नये, त्याने असलेली रचनाही मोडते.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ही तपासणी दर आठवड्याला करावी लागत असेल, तर दोष विजेचा नसून डिस्कच मरणपंथाला लागलेली असू शकते. ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली नोंद दाखवते. त्यात बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब कप्प्यांचे, आकडे वाढत असतील, तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी ‘डीडीरेस्क्यू’ने तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मरणाऱ्या डिस्कवर वारंवार ‘एफएससीके’ चालवणे हा उपाय नव्हे.

अद्ययावत करताना मध्येच लाईट गेली तर पॅकेजांची मांडणी अर्धवट राहते. त्यावर ‘डीपीकेजी’ या पॅकेजे बसवणाऱ्या आज्ञेला उरलेली सर्व पॅकेजे मांडून पूर्ण करायला सांगणारा पर्याय आहे, आणि त्यानंतर ‘एपीटी’चा तुटलेले जोडणारा पर्याय आहे, या दोन आज्ञांनी बहुतेक संगणक ताळ्यावर येतात. ‘लॉक मिळत नाही’ (म्हणजे दुसरी प्रक्रिया पॅकेजांची नोंदवही वापरत आहे) असा संदेश आल्यास लॉकची फाइलच पुसून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. बहुधा पार्श्वभूमीवर स्वयंचलित अद्ययावत करणे चालू असते; दहा-पंधरा मिनिटे थांबले की लॉक आपोआप सुटते, आणि ती फाइल पुसली तर दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू लागतात.

तिसरे विधान विंडोजच्या शेजाराचे. इथे तीन निरनिराळ्या अडचणी एकत्र करून ‘घोळ’ हा शब्द वापरला जातो. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतानंतर लिनक्स दिसेनासे होते, तेव्हा ते पुसलेले नसते; यूईएफआयमधला, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या व्यवस्थेतला, सुरू होण्याचा क्रम बदललेला असतो. संगणकाच्या सेटअपमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर आणली की पुष्कळदा काम होते, नाहीतर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘ग्रब’ हा लिनक्स सुरू करून देणारा भाग पुन्हा बसवावा लागतो. विंडोजच्या विभागातल्या फाइली लिनक्समधून उघडतात पण त्यांत काही लिहिता येत नाही, ही दुसरी तक्रार. याचे कारण विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ : बंद केल्यासारखे दिसले तरी विंडोज आपला विभाग अर्धनिद्रित सोडून जाते, आणि तशा विभागात लिहिणे धोक्याचे असल्याने लिनक्स नकार देते. हा नकार योग्यच आहे. शिफ्ट दाबून धरून विंडोज बंद करावे, किंवा ती सोयच बंद करून टाकावी.

तिसरी अडचण घड्याळाची, आणि ती आपल्याला चटकन ओळखता यावी अशी आहे. विंडोज मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते. लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेवर आहे असे धरून चालते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने लिनक्सनंतर विंडोज उघडले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते, आणि उलट क्रमाने, इंटरनेट नसेल तर, तेवढेच पुढे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर बिघाड काही नाही. ‘टाइमडेटसीटीएल’ने लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळायला सांगावे. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले असेल, तर मात्र मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटण सेल संपलेला आहे. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि लोक ‘लिनक्सवर इंटरनेट चालत नाही’ असा निष्कर्ष काढतात. सेल बदलला की तो प्रश्न मिटतो.

चौथ्या विधानाबद्दल थोडक्यात. वाय-फाय बंद असेल, तर आधी ‘आरएफकिल’ने ते कळ दाबून बंद केलेले नाही ना, हे पाहावे; मग ‘एलएसपीसीआय’ने चिप कोणती आणि तिला ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्रॅम) मिळाला आहे का, हे तपासावे. अनेक चिपांना मालकी हक्काचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लागते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते बसवण्यासाठीच्या आपल्या अधिकृत फाइलींतच दिले आहे. फर्मवेअर बसेपर्यंत मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेथरिंग सुरू केले, तर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय इंटरनेट मिळते. प्रिंटरच्या बाबतीत नवी यंत्रे बहुधा ड्रायव्हरशिवायच चालतात, पण जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काही सगळी बुद्धी संगणकाकडून मागतात. कार्यालयांत पुष्कळ दिसणाऱ्या एचपी लेझरजेट १०२० ला तर दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर द्यावे लागते, आणि त्यासाठी एचपीच्या लिनक्स संचातला पूरक भाग एकदा उतरवून घ्यावा लागतो. काही यंत्रे कितीही प्रयत्न केले तरी समाधानकारक चालत नाहीत, हे मी मान्य करतो. ज्यांचे सगळे काम टॅली या हिशेबाच्या किंवा श्री-लिपी या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमवर चालते, त्यांनी विंडोज सोडू नये असेच मी सांगतो.

पाचवे विधान भाषेचे, आणि त्याने मला सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण ते आपल्याच लोकांना आपल्या लिपीपासून दूर ठेवते. ‘लिनक्सवर मराठी बिघडते’ असे सांगताना लोक दोन वेगळी दृश्ये दाखवतात. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर देवनागरी फाँट नाही; ‘नोटो’ किंवा ‘लोहित’ बसवला की ते जातात. पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे विस्कटलेली दिसत असतील, तर ती फाइल जुन्या फाँटमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांना समान असलेली युनिकोड ही अक्षरसंकेत पद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये, केलेली आहे. त्या फाँटने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. अशी फाइल तो फाँट नसलेल्या विंडोजवर उघडली, तरी हेच दिसेल. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे, हाच कायमचा उपाय आहे. वाचनालयांच्या जुन्या ग्रंथसूची आणि मंडळांची इतिवृत्ते याच स्थितीत पडून आहेत, आणि तो फाँट ओळखणारी माणसे आहेत तोवर हे काम व्हायला हवे.

लिहिण्यासाठी ‘आयबस’ या भाषा निवडण्याच्या सोयीत मराठी आणि कन्नड असे दोन्ही इनस्क्रिप्ट कळफलक जोडावेत. १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकात आलेली ही मांडणी भारतीय लिप्यांना समान आहे : ज्या कळीवर ‘क’ येतो त्याच कळीवर कन्नडचा ‘क’ येतो, आणि शिफ्टसह एन दाबले की दोन्हीकडे ‘ळ’ उमटतो. शाळेची सूचना मराठीत आणि तालुक्याचा अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागणाऱ्या आपल्या कारकुनाला बोटांची सवय बदलावी लागत नाही. सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली) आणि स्पेस या कळा दाबून भाषा तेवढी बदलायची. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ यांतला अर्धा र येत नाही, अशीही तक्रार असते. त्यासाठी शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’ घ्यावा, मग डी दाबून हलन्त द्यावा आणि मग ‘य’ लिहावा.

शेवटचे विधान, विचारायला कोणी नसल्याचे. बहुतेक प्रश्नांची उत्तरे संगणकातच असतात : ‘मॅन’ ही आज्ञा कोणत्याही आज्ञेची माहितीपत्रिका दाखवते, ‘सिस्टिमसीटीएल’ला अयशस्वी सेवा विचारल्या की त्यांची यादी मिळते, आणि ‘जर्नलसीटीएल’ मागच्या वेळी संगणक बंद पडण्याआधी काय घडले तेही सांगते. माणसांना विचारायचे झाले, तर ‘चालत नाही’ एवढेच कळवून कोणालाही मदत करता येत नाही. बिघाडाच्या आधी काय केले होते, पडद्यावर नेमके कोणते शब्द आले आणि नोंदवहीच्या शेवटच्या ओळी काय आहेत, या तीन गोष्टी पाठवाव्यात. व्यवस्था मराठीत ठेवलेली असेल, तर आज्ञेच्या आधी भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी ऑल’चे मूल्य ‘सी’ असे द्यावे. मग तोच संदेश मूळ इंग्रजीत मिळतो आणि तो शोधणे सोपे जाते. आणि कोणी उत्तरादाखल ‘सूडो’ने (व्यवस्थापकाचे अधिकार देणाऱ्या शब्दाने) सुरू होणारी लांबलचक आज्ञा पाठवली, तर तिच्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ ‘मॅन’मध्ये पाहिल्यावाचून ती चालवू नये.