तीन पाळ्या म्हणजे तीन सिस्टर नव्हेत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आयसीयूत किती सिस्टर लागतात याचं गणित मांडणाऱ्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. लहान रुग्णालयाला एवढं गणित कशाला. पाळीला ७ सिस्टर तर तीन पाळ्यांच्या २१, वर ३ राखीव, झाल्या २४, कोणी सोडून गेलं की जाहिरात द्यायची. आणि रुग्ण कमी असले की जास्तीच्या सिस्टर बसून राहतात.

पहिला मला मुळीच मान्य नाही. तुमचाच ७ चा आकडा घेऊ: १० खाटा, व्हेंटिलेटरवरच्या ४ रुग्णांना एकास एक, उरलेल्या ६ ना दोघांमागे एक. वर्षाच्या ड्यूट्या ७ × ३ × ३६५, म्हणजे ७,६६५. एका सिस्टरच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, २१ हक्काच्या रजा, ८ किरकोळ, ७ आजारपणाच्या, ८ सणांच्या आणि ४ दिवस प्रशिक्षण वजा करा (रजा तुमच्या नियमांप्रमाणे धरा). उरले २६५. भागाकार २९. तुमच्या २४ जणी ६,३६० ड्यूट्या भरतात. बाकी १,३०५, म्हणजे रोज साडेतीन, डबल ड्यूटी लावून नाहीतर ऑफ मोडून भरल्या जातात. रोस्टरचे रकाने भरलेलेच दिसतात. त्यात खोडून वर लिहिलेली नावं मोजा.

जाहिरातीचं म्हणाल, तर नोटीस १ महिन्याची आणि माणूस मिळायला ३ महिने. जागा २ महिने रिकामी. पुढचा १ महिना नवी मुलगी जुन्या सिस्टरच्या जोडीला. त्याआधी तिच्या एकटीच्या हाती व्हेंटिलेटरचा रुग्ण देऊ नये. वर्षात ९ जणी गेल्या तर हे २७ महिने, म्हणजे सव्वादोन सिस्टर. शिवाय २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची आहे. वर्षात दोघी या रजेवर गेल्या की आणखी एक माणूस कमी. स्टाफ तरुण असताना ही रजा अपवाद धरणं चूकच. एकूण ३२ च्या वर.

दुसरा आक्षेप बरोबर आहे. लेखात मी सगळ्या खाटा रोज भरलेल्या धरल्या, तसं नसतं. प्रत्येक हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, रुग्ण आणि व्हेंटिलेटर मोजून वर्षाची नोंद काढा. फक्त मध्यरात्रीची मोजणी नको. दुपारी एक रुग्ण वॉर्डात जातो आणि त्याच खाटेवर ऑपरेशन झालेला येतो, ती धावपळ तिच्यात सुटते. सरासरीही नको, तिच्यावर जवळपास निम्म्या पाळ्या अपुऱ्या पडतात. दहापैकी आठ पाळ्यांना पुरेल तो सिस्टरचा आकडा घ्या. उरलेल्या दोनसाठी वॉर्डातल्या ४-५ सिस्टरना आयसीयूत तयार करा आणि महिन्याला निदान २ ड्यूट्या तिथे लावा, नाहीतर हात विसरतो.

हा पाळीचा आकडा ५ आला, तर मूळ २१ जणी, आणि गळती व बाळंतपण धरून तुमच्या २४ पुरतात. ६ आला, तर गळती धरण्याआधीच २५ लागतात.