सकाळी रोंदा, दुपारी सेतेनील: ही आयटिनररी लिहितं कोण?

"सकाळी रोंदा, दुपारी सेतेनील, संध्याकाळी परत." स्पेनच्या प्रत्येक तयार आयटिनररीत ही ओळ असतेच, आणि दरवेळी ती वाचून डोकं फिरतं. लिहिणाऱ्याला आंदालुसियातल्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या, गावाची दुपार ठाऊक तरी आहे का?

सेतेनील दे लास बोदेगास रोंदापासून वीसेक किलोमीटरवर, कादिस प्रांतात. घळीतल्या कड्याच्या पोटाखाली घुसवलेली पांढरी घरं. कुएवास दे ला सोम्ब्रा या गल्लीत तर अख्खा रस्ताच खडकाखाली. ते बघायला दुपारी तीनला पोचायचं? दोनच्या सुमारास दुकानांची शटरं खाली येतात, ती पाचच्या आसपास वर जातात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकलेला, आणि वरच्या मिरादोरपर्यंतचा, म्हणजे देखावा बघायच्या जागेपर्यंतचा, चढ छातीवर. आमच्या पुण्यात एक ते चार बंद म्हणून जगभर विनोद होतात, इथे तेच झालं की "किती निवांत संस्कृती!" म्हणे.

जेवणाचा तर आनंदच. स्वयंपाकघर दीड-दोनला चालू, चारला बंद, मग थेट रात्री साडेआठला. पर्यटकांसाठी एखादं दिवसभर उघडं असतं, पण त्या भरवशावर लहान मुलं घेऊन साडेचारला टेकलात तर ऑलिव्ह आणि चिप्सवर भागवा. 'मेनू देल दिया', म्हणजे दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, हा स्वस्त सौदा बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार दुपारचाच. हे न सांगता बजेटचे आकडे छापणाऱ्यांना काय म्हणावं!

शाकाहारी मंडळींना "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हणा असं शिकवणारे तर धन्य आहेत. हॅम आणि ट्यूना अनेकजण त्या 'मांसात' धरतच नाहीत! मग साल्मोरेखोवर, म्हणजे टोमॅटोच्या थंड, दाट सूपवर, हॅमचे तुकडे आणि साध्या सॅलडवर ट्यूनाचा डोंगर येतो. "सिन खामोन, सिन आतून" असं एकेक नाव घेऊनच सांगायचं. उसाच्या काकवीतली तळलेली वांगी मिळतात, छान असतात, पण मासळीच्याच तेलात तळली का हे विचारून घ्या.

आता बसगाड्या. आठवड्याच्या दिवशीही मोजक्याच, शनिवार-रविवारी त्याहून कमी किंवा नाहीतच. वेळापत्रकाच्या फोटोवर 'एक्स' दिसला की लोक समजतात बस रद्द. अहो, तो बुधवार! स्पॅनिशमध्ये मंगळवार आणि बुधवार दोन्ही 'एम'नेच सुरू होतात म्हणून बुधवारला एक्स. आणि खाली बारीक अक्षरात 'लेक्तिव्होस' असेल तर ती बस फक्त शाळेच्या दिवशी धावते, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत नाही. वर प्रत्येक नगरपालिकेच्या वर्षाला दोन स्थानिक सुट्ट्या वेगळ्या. रोंदा उघडं असलं म्हणून सेतेनील उघडं असेलच असं नाही. त्यामुळे परतीची बस आधी ठरवा, जायची नंतर. उलटं केलं की टॅक्सी शोधत बसावं लागतं, आणि लहान गावात टॅक्सी काही नाक्यावर उभी नसते. सेतेनील नावाचं रेल्वे स्टेशन बघून हुरळू नका, ते गावापासून कित्येक किलोमीटर लांब आहे.

भाड्याची गाडी असेल तर नेव्हिगेशनच्या नादाने खालच्या गल्लीत घालू नका. रस्ता अरुंद, एका बाजूला बारच्या खुर्च्या, समोरून कुणाची तरी व्हॅन, आणि मागे घ्यायचं ते चढावर. आरशाची किंमत डिपॉझिटमधून कापतात. गाडी वर, गावाच्या कडेला लावा आणि चालत उतरा. दहाला पोचा, फिरून घ्या, दीडला टेबल धरा, वीस युरो रोख ठेवा. छोट्या रकमेला कार्ड चालत नाही असा बार भेटतोच. आणि बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, तेव्हा बस वीस मिनिटांवर असताना वेटरच्या नावाने बोटं मोडू नका, "ला कुएन्ता" असा आवाज द्या.