चोर सोडून ऑक्सिजन सेन्सरला फाशी

डॅशबोर्डवरचे बाकीचे दिवे सरळ बोलतात. बॅटरीचा दिवा बॅटरी दाखवतो, दार उघडं राहिलं तर दार दाखवतो, पट्टा लावला नाही तर पट्ट्याचा माणूस दाखवतो. चेक इंजिनचा पिवळा दिवा मात्र इंजिनाचं असं चित्र काढतो की कुणाला ती पाणबुडी वाटते, कुणाला नळ. आणि म्हणणं काय, तर ‘काहीतरी आहे’. काय आहे, कुठे आहे, कधीपासून आहे, यावर मौन. रुसलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारावं आणि त्याने ‘काही नाही’ म्हणावं, त्यातला प्रकार.

या रुसण्याच्या दोन तऱ्हा तेवढ्या ओळखता आल्या पाहिजेत. दिवा स्थिर आहे, गाडी नेहमीसारखी चालतेय, तापमान आणि ऑइल ठीक आहे, तर घर गाठायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय, म्हणजे एखादा सिलेंडर पेटतच नाही, आणि न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतंय. त्या उष्णतेने आतली पोळ्यासारखी जाळी वितळते. अशा वेळी पाय उचलायचा आणि गाडी कडेला घ्यायची. ‘एवढं त्या वळणापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्याच्या हौसेची किंमत कन्व्हर्टर मोजतो, आणि कन्व्हर्टरची आपण.

दिव्याला बोलतं करायचं असेल तर स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास, १६ पिनांचं कपलर शोधायचं. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ते मोटारींना सक्तीचं झालं, मग जगभर पसरलं. त्याआधी काही गाड्यांत दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडून दिव्याची उघडझाप मोजावी लागे. एकदा लुकलुकला, जरा थांबला, दोनदा लुकलुकला, म्हणजे बारा. मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. आता काडेपेटीएवढा अडॅप्टर खोचला की मोबाइलवर कोड हजर. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं घराणं, बी बॉडीचं, सी चासीचं, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं भांडण. अक्षरानंतर शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा घरगुती.

इथवर सगळं सोपं असतं, आणि इथेच घात होतो. ॲप कोडखाली एक ओळ छापतं, त्यात ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द दिसतात, आणि माणूस सेन्सर मागवून मोकळा होतो. कोड ही तक्रार असते हो, निकाल नव्हे. तक्रार नोंदवायला आलेल्यालाच कोठडीत टाकायचं, तसं हे चालतं. माझं मत विचाराल तर ऑक्सिजन सेन्सरइतका नाहक बळी गेलेला पार्ट गाडीत दुसरा नाही.

हा बिचारा करतो तरी काय? सायलेन्सरच्या पाइपात डोकं खुपसून धुरात किती ऑक्सिजन उरला ते हुंगत बसतो. बॉशने बनवलेला पहिला सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांवर चढला, तेव्हापासून हीच तपश्चर्या. आत झिर्कोनिया या सिरॅमिकची टोपी. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर व्होल्टेज तयार होतं. सुमारे ३०० अंशांच्या खाली तोंड उघडत नाही, म्हणून त्याला हीटरही दिलेला असतो. धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), की ०.१ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन संपलेला, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), की ०.९च्या आसपास. सीमारेषा ०.४५ची. पेट्रोलसाठी तिथे हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण १४.७ ला १ असतं. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर ही रेषा सतत ओलांडत राहतो, कारण कॉम्प्युटर त्याचं ऐकून पेट्रोल क्षणात वाढवतो, क्षणात कमी करतो. (अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो. त्याचा हिशेब करंटवर चालतो, त्याला हे आकडे लावू नका.)

आता पी०१७१ घ्या. पहिल्या बँकेत, म्हणजे सिलेंडरांच्या पहिल्या रांगेत, मिश्रण लीन. सेन्सर सांगतोय की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो. कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. म्हणून सेन्सर बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. नवा सेन्सर येतो, धूर हुंगतो, आणि जुन्याचंच वाक्य बोलतो.

त्याऐवजी फ्यूएल ट्रिम बघावा. लाइव्ह डेटामध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन आकडे असतात. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय, ते त्यात दिसतं. दोन्हींची बेरीज उणे ५ ते अधिक ५ असेल तर संसार सुखाचा. दहाच्या पुढे गेली की शोध सुरू करावा. पंचविशीच्या आसपास कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो. इंजिन गरम करा, आयडलिंगवर आकडा बघा, मग २,५०० आरपीएमवर धरून बघा. आयडलिंगवर अधिक २२ आणि रेस दिल्यावर अधिक ४ असेल तर इनटेकला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेला, कुठेतरी भोक आहे. आयडलिंगला इंजिन घोटभर हवा पितं, त्यात भोकातून येणारा चमचा जाणवतो. रेस दिल्यावर ते बादलीने पितं, तिथे चमच्याला कोण विचारतो? उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर, जोर लागताना आकडा चढत असेल तर फ्यूएल पंपाचं प्रेशर, फिल्टर, किंवा आत जाणारी हवा मोजणारा, धूळ बसलेला एअर फ्लो सेन्सर. त्याची तार त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुवायची असते, फडक्याने नव्हे. फडक्याने पुसली तर तुटते, मग तोही मागवा. एअर फ्लो सेन्सर नसलेल्या, इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांचं, प्रेशर मोजणाऱ्या गाड्यांत मात्र भोक पडलं की ट्रिमपेक्षा आयडलिंगच चढलेलं दिसतं. तिथे वरचं गणित जसंच्या तसं लावू नये.

भोक सापडतं कुठे? इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या पीसीव्हीच्या नळीत, बहुधा खालच्या बाजूच्या वळणावर, जिथे डोळा पोचत नाही पण बोट पोचतं. ऑइलच्या वाफेने रबर मऊ पडतं, वाकवलं की भेग ओठासारखी उघडते, सोडलं की मिटते. वरून पाहणाऱ्याला नळी नवरीसारखी नटलेली. त्यानंतर ब्रेक बूस्टरची होज, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्यांचा पाइप. काही गाड्यांत ऑइलची डिपस्टिक नीट बसली नाही तरी पुरतं. कानाला ‘स्स्स’ ऐकू आलं तर नशीब. नाही तर स्मोक मशीनने इनटेकमध्ये धूर भरायचा आणि तो कुठून बाहेर डोकावतो ते बघत बसायचं. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून भोक शोधणारे शूर लोक आहेत. त्यांनी पेटणारा द्रव आणि तापलेला एक्झॉस्ट यांची सोयरीक जमवू नये, एवढंच म्हणेन.

एका बाबतीत मात्र हा सेन्सर प्रामाणिकपणे चुकतो. प्लग किंवा कॉइल गेली आणि एक सिलेंडर पेटलाच नाही, तर त्यातलं पेट्रोलही तसंच बाहेर जातं आणि हवाही. नाकाला पेट्रोलचा भपकारा येतो, मागे उभं राहवत नाही, आणि सेन्सर म्हणतो मिश्रण लीन! त्याला पेट्रोल मोजताच येत नाही, फक्त ऑक्सिजन येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला सेन्सरच्या आधी तडा गेला असेल तरी तेच. धुराच्या ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून पी०३०१सारखा मिसिंगचा कोड आणि लीनचा कोड जोडीने आले, तर आधी मिसिंग बघावी. लीन मागोमाग निघून जातो. आणि काहीही पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्यावी. तो घटनास्थळाचा पंचनामा असतो: दिवा लागला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, वेग किती, ट्रिम किती. कोड पुसला की पंचनामाही फाटतो, मग अंदाजपंचे दाहोदरसे.

सेन्सर खरंच दोषी असतो का? असतो की. पी०१३५ किंवा पी०१४१ म्हणजे हीटरचं सर्किट. पहिला कोड पुढच्या सेन्सरचा, दुसरा मागच्याचा. इथेसुद्धा आधी फ्यूज. मग कपलर सोडवून गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का ते इंजिन चालू ठेवून बघायचं, आणि सेन्सरकडच्या बाजूला हीटरच्या दोन वायरींत, त्या बहुधा एकाच रंगाच्या असतात, थंड असताना रेझिस्टन्स मोजायचा. काही ओहम दाखवला तर हीटर शाबूत. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. मीटर अनंत दाखवत असेल तर मात्र संन्याशाने खरंच समाधी घेतली.

पी०१३३ म्हणजे उत्तर उशिरा देतो. गरम इंजिन २,५०० आरपीएमवर धरून लाइव्ह डेटाचा आलेख बघावा. ठणठणीत झिर्कोनिया सेन्सर दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी खाली-वर करतो. म्हातारा झालेला ०.३ आणि ०.६च्या मध्ये रेंगाळतो, लाट यायची तिथे टेकडी येते. साध्या मल्टीमीटरवर हे बघू नका, त्याचे आकडे सेन्सरपेक्षाही आळशी. आणखी एक खात्री: एकदम रेस दिली की व्होल्टेज ०.८च्या वर उडी मारतं का, आणि व्हॅक्यूमची एखादी नळी काढली की ०.२च्या खाली पडतं का. दोन्ही झटपट झालं तर सेन्सर निर्दोष सुटला. एक्झॉस्टला सेन्सरच्या तोंडाशी सिलिकॉनची पांढरी साय दिसली तर चुकीचा सीलंट कुणीतरी वापरलाय. ऑइल किंवा कूलंट जळत असेल तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल, आधी ते थांबवा.

बदलायचं ठरलंच तर कुठला, हेही विचारून घ्यावं. बँक १ म्हणजे एक नंबरचा सिलेंडर ज्या बाजूला आहे ती. ड्रायव्हरच्या डावी-उजवीशी तिचा संबंध नाही. सेन्सर १ कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ नंतरचा. सरळ रेषेतल्या चार सिलेंडरच्या इंजिनाला सहसा एकच बँक असते. व्ही-सिक्सवाल्यांनी मात्र निरोगी बाजूचा सेन्सर उपटून टाकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

उपटणं हा शब्द मुद्दाम वापरला. हा पार्ट आटे घेऊन वर्षानुवर्षं निखाऱ्यावर बसलेला असतो. २२ मिलिमीटरचा, वायरसाठी बाजूने फट असलेला सॉकेट लागतो. साधा पाना षटकोन गोल करून ठेवतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर मुरू द्यावा, मग इंजिन थोडं कोमट करून जोर लावावा. हात आत जातो, पाना जातो, पण दोन्ही एकत्र जात नाहीत, आणि गेलेच तर पाना फिरवायला जागा उरते ती अंगठ्याएवढी. नाक मॅनिफोल्डला टेकलेलं, कोपर बॅटरीवर, आणि खाली पडलेला टॉर्च नेमका पलीकडच्या दिशेला प्रकाश पाडतोय. ‘कर्र’ असा कोरडा आवाज आला तर थांबा, आटे चाललेत. थोडा उलटा घट्ट करा, पुन्हा स्प्रे, पुन्हा सोडा. आटे एम१८ बाय १.५चे असतात. खराब झाले तर त्यासाठीचा टॅप फिरवता येतो. नव्या सेन्सरच्या आट्यांना, ते जाम होऊ नयेत म्हणून, अँटी-सीझ बहुधा लावूनच येतं. नसेल तर आट्यांवरच लावा, टोकाला बोटही लागू देऊ नका. घट्ट करताना साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून धडधाकट दिसतो, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं.

आणि वायर कापून जुनं कपलर नव्या सेन्सरला डाख देऊन जोडायची काटकसर करणाऱ्यांसाठी: बऱ्याच सेन्सरांना लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या तारांमधूनच आत जाते. डाखाने किंवा ग्रीसने तुम्ही त्याचं नाकच बुजवता. दाबून बसवायचे क्रिंपवाले जोड वापरा, नाही तर कपलरसकट आलेला घ्या.

पी०४२० हा कोड तर संन्याशाच्या मागच्या भावावर येतो. कन्व्हर्टर काम करत असेल तर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७च्या आसपास शांत असतं. पुढच्यासारखं नाचू लागलं की कन्व्हर्टर थकला. मागचा सेन्सर फक्त ते सांगतो. त्याला काढून काय होणार? आधी एक्झॉस्टची गळती बघा, मग कन्व्हर्टर कशाने मेला ते: मिसिंगने की ऑइलने.

कोड पुसला की दिवा विझतो, पण बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत (फेरी म्हणजे इंजिन चालू करून, गाडी फिरवून, पुन्हा बंद करेपर्यंत) दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी विजयोत्सव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणबुडी. दोष खरंच गेला असेल तर काहीही न पुसता सलग तीन फेऱ्या स्वच्छ गेल्यावर दिवा आपणहून विझतो. कोड मात्र इंजिन ४० वेळा गरम होईपर्यंत आठवणीत राहतो.

हे सगळं करण्याआधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण ‘टक टक’ वाजेपर्यंत पिळून घ्या. काही गाड्यांत पी०४५७चा अर्थ तेवढाच असतो. मात्र झाकण घट्ट केल्या केल्या दिवा जात नाही, त्याला त्याच्या फेऱ्या हव्या असतात. आणि त्या मधल्या दोन दिवसांत माणसाचा धीर सुटतो, आणि तो ऑक्सिजन सेन्सर मागवतो.