टिटवीच्या चार अंड्यांवरून पावसाचा अंदाज : एक खुलासा

“टिटवीने चार अंडी घातली, म्हणजे यंदा चारही महिने पाऊस, उंचावर घातली तर जोरदार,” असा मजकूर दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतो. त्यावर विसंबून कोणीही पेरणी करू नये, ही कळकळीची विनंती.

टिटवी बहुधा चारच अंडी घालते, मग वर्ष सुकाळाचे असो वा दुष्काळाचे. ऑगस्ट २०२३ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अंड्यांच्या संख्येवरून तो खंड कोणालाही आधी कळला नसता. उंचीचे म्हणाल तर तिचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा आणि भोवती मांडलेले खडे. शहरांत मोकळे माळ बांधकामाखाली गेल्यावर ती सपाट गच्चीवरही अंडी घालताना दिसते, तेव्हा तिची निवड पावसाची नव्हे, जागेची असते. भर उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंडी गार ठेवते, आणि उन्हाळे तापत चालले असताना जवळचा पाणवठा तिला अधिकच मोलाचा आहे.

पूर्वजांचे निरीक्षण मी हलके लेखत नाही. परंतु पावसाचे खंड लांबत असताना दुबार पेरणीचा फटका फार मोठा बसतो. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच पेरावे. नांगरताना घरटे आढळल्यास अंडी न हलवता तेवढा तुकडा काही दिवस सोडावा. पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात.