पंचगंगा किती फुटांवर आहे, एवढंच बघायचं होतं

मराठी वृत्तपत्रांच्या साइटवर बातमी वाचणं ही आता शिक्षा झाली आहे. एका पेपरची साइट वाईट म्हणून दुसऱ्याची उघडावी तर ती त्याहून वाईट. तिसऱ्याची उघडली की वाटतं पहिलीच बरी होती. गेली काही वर्षं मी हे गपगुमान सोसत आलोय, पण पावसाळ्यात माझं डोकं फिरतं. त्या दिवसांत बातमी ही करमणूक नसते, गरज असते.

माझी आत्या कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला राहते. पंचगंगा वाढली की चिखली आणि आंबेवाडी या गावांना सगळ्यात आधी हलावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे तिकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला तर ३७ फूट झालं तरी झोप लागत नाही. मी पुण्यात. रात्री आत्याचा फोन येतो, "आरं, पाणी किती झालंय बघ की जरा मोबाइलवर, आणि राधानगरीचं दार उघडलं का तेबी बघ." दोनच गोष्टी हव्या असतात: नदी किती फूट आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे.

आता ही माहिती साइटवर कशी मिळते ते ऐका.

मथळा असतो, "मोठी बातमी! पंचगंगेने गाठली 'ही' पातळी, कोल्हापूरकरांची चिंता वाढली". कुठली पातळी? मथळ्यात आकडा लिहायला पैसे पडतात का? बातमी उघडली की आधी नोटिफिकेशनची परवानगी मागणारी चौकट. ती घालवली की ॲप डाउनलोड करा म्हणून दुसरी. मग वरून एक जाहिरात, खालून एक चिकटलेला व्हिडिओ, आणि मध्ये जेमतेम चार ओळींची फट. त्या फटीत पहिला परिच्छेद म्हणतो, जिल्ह्यात पावसाचा जोर कायम आहे. दुसरा परिच्छेद तेच शब्द मागेपुढे करून पुन्हा सांगतो. मग 'हेही वाचा' म्हणून कुठल्या तरी नटीच्या साडीची बातमी. मग जाहिरात. तिसऱ्या परिच्छेदात पंचगंगा नदीचं महत्त्व. फुटांचा आकडा येतो तो पार तळाला, आणि तो सकाळचा की संध्याकाळचा, हे कुठेच नाही. पुराच्या बातमीत वेळ लिहीत नाहीत! वर 'अपडेटेड' म्हणून जी वेळ दिसते ती बातमीत कुणी एक स्वल्पविराम बदलला तरी बदलते. आत आकडा जुनाच.

दुसऱ्या साइटवर आकडा वर असतो, हे मान्य करतो. पण तो वाचायला घ्यावा तर ओळ निसटून खाली जाते, कारण वर उशिरा जाहिरात उतरते. पुन्हा शोधली की आणखी एक उतरते. बोट टेकवायला गेलं की ते बरोबर जाहिरातीवर पडतं आणि भलतंच पान उघडतं. हे नकळत होतं असं मला कुणी सांगू नका. जाहिरातीसाठी जागा आधीच राखून ठेवली की मजकूर हलत नाही, हे कुठल्याही नवशिक्या डेव्हलपरला ठाऊक असतं. गुगलने २०२० मध्ये यासाठी मोजपट्ट्याच दिल्या आहेत. पानाच्या हलण्याचा गुण ०.१ च्या आत हवा, मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा. मोबाइलवर जाहिरातींनी मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा खाऊ नये, असा जाहिरातवाल्यांच्याच संघटनेचा निकष आहे. आमच्या जिल्ह्याच्या बातमीत प्रमाण उलटं दिसतं.

तिसरीची तऱ्हा वेगळी. बातमी अर्ध्यात कापून 'पुढे वाचा'चं बटण. दाबलं की पुढे दोन ओळी. वैतागून मागे जावं तर मागे जाताच येत नाही. बॅक दाबलं की 'जाण्याआधी हे वाचा' म्हणून आणखी वीस मथळ्यांचं पान समोर येतं. वाचकाच्या हातातलं मागे जायचं बटण काढून घेतात हो! दुकानातून काही न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाला दार लावून अडवण्यातला हा प्रकार आहे.

आणि त्या वीस मथळ्यांत निम्म्या जाहिराती असतात. गुडघेदुखीवर रामबाण, घरबसल्या रोज हजारो कमवा, अमुक उद्योगपतीने उघड केलं गुपित. चौकट तीच, अक्षर तेच, फोटोचा आकार तोच. 'प्रायोजित' हा शब्द फिकट करड्या रंगात, मुंगीएवढा. जाहिरात बातमीसारखी नटवून दाखवणं हा फसवणुकीचा प्रकार आहे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय. त्यात असे १३ प्रकार दिलेत आणि वेश बदललेली जाहिरात हा त्यातला एक. माझ्या आत्यासारखी बाई, जिला पेपरात छापलेलं ते खरं असं आयुष्यभर वाटत आलंय, ती अशा जाहिरातीवर क्लिक करणारच. तिचा तो विश्वास या लोकांनी क्लिकच्या भावाने विकायला काढलाय.

सगळ्यात चीड कशाची येते सांगतो. हेच पेपर कागदावर असं वागत नाहीत. पुराच्या दिवसांत कोल्हापूर आवृत्तीचा छापील अंक घेऊन बघा. पहिल्या पानावर चौकट असते: राजाराम बंधाऱ्याची पातळी, धरणांचा साठा, विसर्ग किती क्युसेक, पाण्याखाली गेलेले बंधारे, बंद असलेले रस्ते. सकाळी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या माणूस ते वाचतो आणि गुरं हलवायची की नाही ते ठरवतो. ती चौकट लावणारा उपसंपादक त्याच इमारतीत बसतो ना? मग तीच चौकट साइटवर का येत नाही? मजकूर तयार आहे, आकडे तयार आहेत, माणूस तयार आहे. पण चौकटीतला आकडा एका नजरेत कळला की वाचक निघून जाईल, म्हणून तो लपवायचा. आणि हे कागदावरच्या ब्रीदवाक्याखाली चालतं.

जिल्ह्याची बातमी शोधणं ही आणखी वेगळी कसरत. वरच्या पट्टीत मनोरंजन, राशिभविष्य, क्रिकेट, लाइफस्टाइल, वेब स्टोरीज. कोल्हापूर कुठे? तीन रेघांच्या मेनूत 'महाराष्ट्र', त्यात 'पश्चिम महाराष्ट्र', त्यात यादी. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड तर विसराच. प्रादेशिक पेपर म्हणवतात आणि प्रदेशच तळघरात टाकतात.

अक्षरांची हेळसांड तर सांगायलाच नको. कित्येक पानांच्या कोडमध्ये भाषा म्हणून हिंदी लिहिलेली असते, कारण साचा हिंदी साइटवरून उचललेला. मग ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, तोही हिंदी वळणाचे दाखवतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकाचा फोन ती बातमी हिंदी उच्चारात वाचून दाखवतो. मथळ्याच्या ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेलं, त्यामुळे रफार आणि वेलांट्या वरच्या वर छाटल्या जातात. अक्षरांमध्ये फट टाकून शिरोरेखेचे तुकडे केलेले. पूर्वी प्रत्येक पेपरची साइट वाचायला त्यांचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागायचा, तेव्हा तंत्रज्ञानाची अडचण होती. आज युनिकोड आहे, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेच्या 'मुक्ता'सारखा सुरेख फाँट फुकट मिळतो. आता अडचण फक्त आस्थेची आहे.

फुकट वाचता तर जाहिराती सोसा, असं म्हणणारे भेटतात. बरं, पैसे भरून बघितलं. वर्षाची वर्गणी भरून ई-पेपर घेतला. मिळालं काय? छापील पानाचा फोटो. मोबाइलवर तो चिमटीने मोठा करत, डावीकडे उजवीकडे सरकवत स्तंभ वाचायचा. शोध घेता येत नाही, ओळ कॉपी करता येत नाही, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा लॉगिन. जाहिराती आहेतच.

जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मला कळतं. बातमीदाराचा पगार त्यातूनच निघतो आणि तो निघालाच पाहिजे. पण मराठीत नीट पान करता येतं, हे बीबीसी मराठीने २०१७ पासून दाखवलंय. मथळा, तारीख, मोठं स्वच्छ अक्षर, मजकूर. त्यांना परवडतं, त्यांची गोष्ट वेगळी, कबूल. पण तारीख नीट लिहायला, आकडा पहिल्या ओळीत टाकायला आणि बॅकचं बटण न पळवायला कुठलं भांडवल लागतं?

लोक व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याही मेसेजवर विश्वास ठेवतात म्हणून हेच पेपर अग्रलेख लिहितात. का ठेवणार नाहीत? तिथे चार ओळींत पातळी, वेळ, दरवाजे असं सगळं असतं. त्यात २०१९ चा व्हिडिओ आजचा म्हणून घुसतो आणि गावात पळापळ होते. तो खोटा आहे हे तपासायला माणूस पेपरच्या साइटवर येतो, तर तिथे त्याला नोटिफिकेशनची चौकट दिसते.

येत्या पावसाळ्याआधी एवढं करा: साइटच्या अगदी वर, जाहिरातीच्याही वर, एक पट्टी लावा. नदी, ठिकाण, फूट, इंच, किती वाजता मोजलं. धरणाचे किती दरवाजे उघडे. त्याच्याखाली हव्या तेवढ्या साड्या आणि राशी लावा, मी चकार शब्द काढणार नाही.